वळ न उठणारा मार

'आई-वडिलांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही,' हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे आणि अनेक वर्षे स्वतःही म्हटले आहे. बहुधा ते कोणी काही विचारलेले नसतानाच उच्चारले जाते. बालपणाविषयी बोलता बोलता आवाज कापरा होतो, आणि मग ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून माणूस घाईघाईने आई-वडिलांची बाजू मांडू लागतो: खायला-ल्यायला कधी कमी पडू दिले नाही, शिकवले, आजारपणात रात्री जागवल्या, आणि हात तर कधीच उचलला नाही. यातला शब्द न् शब्द खरा असतो. तरीही फोनवर आईचे किंवा वडिलांचे नाव दिसताच चाळिशी ओलांडलेल्या, कर्त्यासवरत्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तो कशाने येतो, हा प्रश्न त्या साऱ्या खऱ्या गोष्टी मोजून झाल्यावरही शिल्लक राहतो.

मारहाणीला निदान पुरावा असतो, आणि तो पुरावा मान्य व्हायलाही किती काळ गेला हे पाहण्यासारखे आहे. 1962 मध्ये हेन्री केंप या बालरोगतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. लहान मुलांच्या अंगावर दिसणाऱ्या, समाधानकारक खुलासा नसलेल्या दुखापतींमागे पुष्कळदा आई-वडिलांचा किंवा सांभाळणाऱ्यांचा मार असतो, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले. आई-बाप असे करतील यावर तोवर डॉक्टरांचाही सहजी विश्वास बसत नसे. पण क्ष-किरण चित्रात एकाच मुलाची वेगवेगळ्या वेळी मोडलेली आणि सांधलेली हाडे दिसू लागली, तेव्हा 'पाळण्यातून पडला' हा खुलासा टिकेना. मुलाला जे बोलता येत नव्हते ते त्याची हाडे बोलली.

शब्दांनी, नजरेने आणि मौनाने केलेल्या छळाचे असे चित्र निघत नाही. इंग्लंडमध्ये मुलांवरील क्रौर्याचा गुन्हा ज्या कायद्यात सांगितला आहे तो 1933 चा आहे, आणि त्यातली इजा शारीरिक असो वा मानसिक, ती इजाच होय, हे त्या कलमात स्पष्ट शब्दांत घालायला 2015 साल उजाडावे लागले. मधली ब्याऐंशी वर्षे या मुलांना काही होत नव्हते असे नाही. ते दाखवता येत नव्हते, इतकेच.

कोणते आई-बाप मुलांवर ओरडत नाहीत, अशी हरकत या विषयावर हटकून घेतली जाते, आणि ती रास्त आहे. दमूनभागून आलेला बाप खेकसतो, कावलेल्या आईच्या तोंडून नको ते निघून जाते. त्याला छळ म्हणणे हा त्या आई-वडिलांवर अन्याय होईल आणि ज्यांचा खरोखर छळ होतो त्या मुलांवरही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गार्बरिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये मानसिक छळाची पाच रूपे वेगळी करून दाखवली होती: मुलाला झिडकारणे, त्याला इतरांपासून तोडणे, त्याला सतत धाकात ठेवणे, त्याच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करणे आणि त्याला वाईट मार्गाला लावणे. ही रूपे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पण त्याहून महत्त्वाचा आहे तो सातत्याचा मुद्दा. एखाद्या दिवसाचा राग आणि घरातली रीत यांत फरक आहे. रागाच्या भरात बोललेल्या शब्दानंतर कोणीतरी मुलाला जवळ घेते, 'मघाशी मी फार बोलले' असे म्हणते, निदान आवाज तरी मऊ करते. आणि मुलाला कळते की तुटले ते पुन्हा जोडले जाते. छळाच्या घरात नेमके हे जोडणे होत नाही. तिथे तुटणे होत राहते आणि जोडण्याचे काम, जमेल तसे, मुलावर सोडलेले असते.

मला सर्वांत जवळून ठाऊक असलेला प्रकार अबोल्याचा आहे. वडील रागावले की माझ्याशी बोलणे थांबवत. ओरडणे नाही, आदळआपट नाही. मी त्या घरात नसल्यासारखे त्यांचे सगळे व्यवहार शांतपणे चालत. मी खोलीत असताना ते आईला सांगत, 'तिला सांग, दार लोटून घे.' आई मला सांगे, 'दार लोटून घे.' मी दार लोटून घेई. मी समोरून गेले तर त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबत नसे आणि मला टाळतही नसे. भिंतीवरून फिरावी तशी ती माझ्यावरून फिरून पुढे जाई. कशाबद्दल हे चालले आहे, ते पुष्कळदा मला माहीत नसे. मग मी गेल्या काही दिवसांतले माझे बोलणे, हसणे, उशिरा उठणे, एकेक काढून तपासत असे आणि त्यातला सगळ्यांत वाईट वाटणारा गुन्हा निवडून त्याची माफी मागत असे. वहीचे पान फाडून मी चिठ्ठी लिहीत असे आणि ती त्यांच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवत असे. सकाळी डबी उचललेली असे आणि चिठ्ठी तिथेच, त्याच घडीत. तिच्याबद्दल कधी कोणी काही बोलले नाही.

अबोला सुटायचा तोही असाच, कारण न सांगता. एखाद्या संध्याकाळी ते सहज विचारत, 'अभ्यास झाला का?' आणि घरातली हवा बदलत असे. त्या क्षणी मला जो आनंद होई तसा आनंद मला पुढच्या आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे. काय झाले होते हे विचारण्याचे धैर्य तर नव्हतेच, पण तशी इच्छाही उरत नसे. मी नुसती कृतज्ञ असे. या छळात मला सर्वांत भयंकर वाटते ती ही कृतज्ञता. ज्याने दिवसच्या दिवस मुलाला वाळीत टाकले, त्याच्याच एका साध्या प्रश्नाने मूल भरून पावते आणि त्या माणसावर अधिकच जीव लावते.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात केलेला प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाचता वाचता थांबावे लागले. त्यात आई आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते, हसते. मग सांगितल्याप्रमाणे ती चेहरा निर्विकार करून बाळाकडे नुसती पाहत राहते, ते दोन-तीन मिनिटेच. बाळाला बदल तत्काळ कळतो. ते हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आईला परत आणण्याच्या त्याला येत असलेल्या सगळ्या युक्त्या करून पाहते. काहीच चालेना की कावरेबावरे होते, रडते, आणि शेवटी मान फिरवून स्वतःत मिटून जाते. प्रयोगातली आई मग लगेच पूर्ववत होते. ट्रॉनिक यांच्या साऱ्या कामात मला धीर देणारी गोष्टही इथेच आहे. साध्यासुध्या, प्रेमळ घरांतसुद्धा आई आणि बाळ यांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतो, असे त्यांना आढळले. बाळाला आधार मिळतो तो चुकलेला सूर पुन्हा जुळण्यातून. आई-वडिलांनी निर्दोष असावे अशी मागणी मूल करत नाही. परत यावे, एवढीच त्याची मागणी असते.

आणि कोणी परत येत नाही तेव्हा मूल काय करते? मोठा माणूस अशा वेळी समोरच्याला दोष देऊ शकतो, दुसरीकडे जाऊ शकतो. मुलाला जायला जागा नसते. ज्या माणसांकडून अन्न, निवारा आणि माया मिळायची तीच माणसे वाईट किंवा बेभरवशाची आहेत, असे मानणे त्याला परवडत नाही, कारण तसे मानले तर जगच असुरक्षित होते. स्कॉटलंडमधील मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी 1940 च्या दशकात हे फार नेमकेपणाने ओळखले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की आई-बाप वाईट आहेत असे मानण्यापेक्षा मूल वाईटपणा स्वतःकडे घेते. निदान मग घर चांगले राहते आणि आपण सुधारलो तर सगळे ठीक होईल अशी आशाही राहते. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या त्या मुलीला हे सांगता आले नसते, पण ती करत होती ते हेच. गुन्हा माहीत नव्हता तरी तो आपलाच आहे याविषयी तिला शंका नव्हती.

म्हणून या छळाला बाहेरून साक्षीदार मिळत नाही एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. आत जो एकमेव साक्षीदार असतो, ते मूल, तोही स्वतःविरुद्ध साक्ष देत असतो.

अबोल्यापेक्षा बोलणारी घरे बरी, असेही नाही. पाहुण्यांसमोर प्रगतिपुस्तक काढून त्यातला एकच विषय मोठ्याने वाचून दाखवणे, 'हिला बघा, आणि आमचं रत्न बघा' म्हणून सर्वांना हसायला लावणे, मुलाने विश्वासाने सांगितलेली भीती चारचौघांत चेष्टेचा विषय करणे, 'तू झालास आणि माझं सगळं संपलं' हे वाक्य भांडणात नव्हे तर अगदी साध्या आवाजात, वस्तुस्थिती सांगावी तसे सांगणे. हे सारे करणाऱ्या माणसांना आपण छळ करतो आहोत असे बहुधा वाटत नाही. पाणउतारा केला म्हणजे मूल जिद्दीला पेटते, असा एक समज आहे. काही मुले पेटतातही. पण आपण मिळवलेली कोणतीही गोष्ट पुरेशी नाही हे त्यांना आधीच शिकवले गेलेले असते, त्यामुळे बक्षीस हातात घेतानाच ती पुढच्या अपमानाची तयारी करत असतात.

एक प्रकार तर कौतुकाच्या वेषात येतो. 'ही माझी मुलगी नाही, मैत्रीणच आहे,' असे आई अभिमानाने सांगते आणि दहा-बारा वर्षांच्या त्या मुलीला आपल्या संसारातली प्रत्येक जखम दाखवते: नवरा काय म्हणाला, सासरच्यांनी कसे वागवले, जीव द्यावासा कसा वाटतो. मुलीला आपण मोठ्या झाल्याचा भास होतो, आणि खरेतर तिचे लहानपण तिथेच संपते. शाळेत असताना तिचे अर्धे लक्ष घरात असते. आई ठीक असेल ना, ही चिंता वाहणाऱ्या मुलीला स्वतःच्या दुःखासाठी जागा राहत नाही, कारण आईचे दुःख नेहमीच मोठे असते. अशी मुले शहाणी, समजूतदार म्हणून ओळखली जातात आणि त्यांची वाखाणणी होते. ज्या वयात समजूतदारपणा नसणे हाच हक्क असतो, त्या वयात तो कुठून आला हे सहसा कोणी विचारत नाही.

याचे पुढे काय होते हे मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत केलेल्या आणि 1998 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या अभ्यासात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणातील प्रतिकूल अनुभवांविषयी विचारले गेले. घरातील मोठी माणसे वारंवार शिव्या देत, अपमान करत, कमी लेखत का, असा प्रश्न त्यात मारहाणीच्या प्रश्नांच्या बरोबरीने होता. असे अनुभव जितक्या प्रकारचे, तितके पुढच्या आयुष्यात नैराश्य, व्यसने, आत्महत्येचे प्रयत्न आणि अनेक शारीरिक आजार यांचे प्रमाण वाढलेले आढळले. मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन टायशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये साडेपाचशेवर तरुण-तरुणींच्या अभ्यासातून दाखवले की आई-वडिलांच्या शाब्दिक आक्रमकतेचा चिंता, नैराश्य आणि चिडखोरपणा यांच्याशी असलेला संबंध घरातील हिंसा पाहण्याच्या परिणामांइतकाच ठळक असतो. हे अभ्यास मोठ्यांच्या आठवणींवर उभे आहेत आणि प्रमाण म्हणजे एका माणसाचे भविष्य नव्हे, हे विसरता कामा नये. असे बालपण घालवलेली कितीतरी माणसे आनंदाने जगतात. पण 'शब्दांनी काय होते' या प्रश्नाचे उत्तर आता कोणाच्या मतावर अवलंबून राहिलेले नाही.

आकड्यांत न मावणाऱ्या गोष्टी मात्र मला अधिक ओळखीच्या वाटतात. कोणी जरा गप्प बसले की 'माझं काही चुकलं का?' असे विचारणे. जिन्यावरच्या पावलांवरून येणाऱ्याची मनःस्थिती ओळखणे. वस्तू फुटली की ती कोणाच्या हातून फुटली हे कळायच्या आधी तोंडून 'सॉरी' निघणे. कोणी मनापासून स्तुती केली तर ती परतवून लावण्याची घाई होणे. अशी माणसे इतरांची मने फार बारकाईने वाचतात आणि भूक लागली आहे की नाही हेसुद्धा स्वतःला नीट विचारत नाहीत.

आई-वडील असे का वागतात, याची कारणे पुष्कळ आहेत आणि ती ऐकून घेतली पाहिजेत. ज्यांना लहानपणी कोणी मायेने जवळ घेतले नाही त्यांना जवळ घेण्याची भाषाच येत नाही. कोणी उपचार न झालेल्या नैराश्यात दिवस ढकलत असते, कोणी नको असलेल्या लग्नात, कोणी कर्जाच्या ओझ्याखाली. माझ्या वडिलांचेही बालपण मला तुकड्यातुकड्यांनी कळले आहे आणि ते कळल्यावर माझा त्यांच्यावरचा राग पातळ झाला. पण कारण कळले म्हणून चिठ्ठी वाचली गेली असे होत नाही. मुलाच्या वेदनेचा विषय काढताच आई-वडिलांच्या कष्टांचा पाढा वाचणे, हे मुलाला पुन्हा एकदा खोलीबाहेर काढणे आहे. दोन्ही दुःखे खरी असू शकतात. त्यांतले एक मोठ्या माणसाचे होते आणि त्याच्या हाती काही पर्याय होते. दुसरे मुलाचे होते आणि त्याच्या हाती एकही नव्हता. हा फरक मी सोडायला तयार नाही.

'मुलांच्या भल्यासाठी' हा युक्तिवाद मी थोडक्यातच घेते. शिस्त हवी, नकार हवा, चुकीची जाणीव करून देणे हवे, यावर वाद नाही. पण 'तू खोटे बोललास, हे चूक आहे' आणि 'तू खोटारडाच आहेस, तुझ्याकडून दुसरी अपेक्षाच नाही' यांत अंतर आहे. पहिल्यात मुलाला सुधारायला जागा राहते. दुसऱ्यात मुलावर निकाल लागून मोकळा होतो. स्वीडनने 1979 मध्ये मुलांना मारण्यावर जगात सर्वप्रथम कायद्याने बंदी घातली, तेव्हा शारीरिक शिक्षेबरोबरच मुलाचा अवमान करणारी वागणूकही त्याच वाक्यात नाकारली होती. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील एकोणिसावे कलम मुलाला शारीरिक आणि मानसिक अशा दोन्ही हिंसांपासून संरक्षण देण्याची जबाबदारी सरकारांवर टाकते. कायद्याने घराघरांतली भाषा बदलत नाही हे मला कळते, तरीही मुलाचा मान ही लाडाची बाब नसून हक्काची बाब आहे, हे कुठेतरी लिहिलेले असणे मला फार मोलाचे वाटते.

मोठेपणी मुले हा विषय काढतात तेव्हा बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते: 'असं काही झालंच नव्हतं.' किंवा, 'एवढंसं काही मनाला लावून घ्यायची तुला सवयच आहे.' हे उत्तर नेहमीच कपटाने दिलेले नसते. अबोला धरणाऱ्याच्या लेखी तो एक साधा राग होता आणि तो विसरून गेला. लक्षात ठेवण्याचे काम ज्याच्यावर गुदरले त्याचे होते. माझ्या अनुभवाने सांगायचे तर आई-वडिलांच्या कबुलीची वाट पाहत बसण्यात आयुष्य घालवू नये. कबुली आली तर उत्तम. ती 'पण तूसुद्धा' या शब्दांशिवाय आली तर फारच उत्तम. ती आली नाही तरी आपल्याला आठवते ते खरे असू शकते, आणि हे एखाद्या जाणत्या समुपदेशकासमोर किंवा विश्वासाच्या मित्रासमोर मोठ्याने बोलून पाहिले की त्याचा आकार माणसाला पहिल्यांदाच स्पष्ट दिसतो. क्षमा करावी की नाही, भेटीगाठी किती ठेवाव्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. जन्मदात्यांना क्षमा केलीच पाहिजे, असे बाहेरून सांगणाऱ्यांना त्या घराची किंमत मोजावी लागलेली नसते.

आता मागे वळून पाहताना मला वडिलांइतकीच आई आठवते, निरोप पोचवणारी. 'तिला सांग' म्हटले की सांगणारी. तिचीही कोंडी होती आणि तिच्यावरही तेच अबोले धरले जात, हे मला कळते. तरी एखाद्या वेळी ती म्हणाली असती, 'ती इथेच उभी आहे, तुम्हीच सांगा,' तर अबोला कदाचित सुटला नसता, पण मी तिथे उभी आहे हे घरात कोणीतरी मान्य केले असते. मामा, आत्या, शेजारी, शिक्षक, भावंडे, ज्यांच्या डोळ्यांसमोर हे चालते त्या सर्वांना एवढे तर करता येते. चारचौघांत मुलाची चेष्टा चालली असेल तर हसायचे नाही. जमल्यास तिथेच विषय तोडायचा. आणि नंतर मुलाला एकटे गाठून सांगायचे, 'मघाशी झालं ते मी पाहिलं. ते बरोबर नव्हतं आणि त्यात तुझी चूक नव्हती.' मूल बहुधा खांदे उडवेल, आई-वडिलांचीच बाजू घेईल, 'ते माझ्या चांगल्यासाठीच बोलतात' असे म्हणेल. त्याच्याशी वाद घालायचा नाही. पण पुढच्या वेळी पुन्हा पाहायचे, आणि पुन्हा सांगायचे.